पानातली अँटेना

हिरवं पान अल्कोहोलमध्ये कुटून गाळून घ्या आणि अंधारात त्या अर्कावर अतिनील टॉर्च धरा. हिरवा अर्क गडद लाल चमकतो. अख्खं पान त्याच टॉर्चखाली तितकं चमकत नाही. हरितद्रव्य दोन्हीकडे तेच, फरक मांडणीचा आहे.

प्रकाशकण शोषला की हरितद्रव्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. ही ऊर्जा रेणूला काही नॅनोसेकंदच धरून ठेवता येते. अर्कात रेणू सुटे असतात, ऊर्जा देणार कुणाला? तिचा बराच भाग लाल प्रकाश होऊन निघून जातो. पानात मात्र शेजारचा रेणू एक-दोन नॅनोमीटरवर असतो. ऊर्जा त्याच्याकडे जाते, तिथून पुढच्याकडे. इलेक्ट्रॉन आपापल्या जागी राहतात, फिरते ती फक्त ऊर्जा. अभिक्रिया केंद्रात, म्हणजे जिथे प्रकाशाच्या ऊर्जेचं रसायन सुरू होतं तिथे पोचल्यावरच इलेक्ट्रॉन खरोखर रेणू सोडतो. हा सगळा प्रवास नॅनोसेकंदापेक्षा कमी वेळात उरकतो.

1932 साली इमर्सन आणि अर्नोल्ड या शास्त्रज्ञांनी क्लोरेला या शैवालावर क्षणिक, प्रखर झोत सोडून ऑक्सिजन मोजला. एका झोतात ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला हरितद्रव्याचे सुमारे 2500 रेणू लागत होते! म्हणजे बहुतेक हरितद्रव्य स्वतः रसायन करतच नाही, ते फक्त प्रकाश गोळा करतं, हीच पानातली अँटेना. कारण साधं आहे. भर उन्हातही एक रेणू सेकंदाला जेमतेम दहाएक प्रकाशकण शोषतो, आणि ऑक्सिजनच्या एका रेणूमागे किमान आठ लागतात. प्रत्येक रेणूला वेगळं केंद्र दिलं असतं तर ती महागडी यंत्रणा बहुतेक वेळ रिकामीच राहिली असती.

हिरव्या वनस्पतींच्या मुख्य अँटेनात एकेका प्रथिनात हरितद्रव्याच्या 'अ' प्रकाराचे 8, 'ब' प्रकाराचे 6 आणि कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्याचे 4 रेणू असतात. अशी तीन प्रथिनं एकत्र जोडलेली असतात. 'ब' जास्त ऊर्जेचा प्रकाश घेतो आणि 'अ'कडे देतो, त्यामुळे ऊर्जा उताराने केंद्राकडे वाहते. लाल शैवालांत हा उतार आणखी स्पष्ट दिसतो. पाणी लाल प्रकाश वरच्या थरांतच गिळतं, म्हणून खोलवर उरलेला हिरवा प्रकाश फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य टिपतं. तिथून ऊर्जा फायकोसायनिन, मग ॲलोफायकोसायनिन या निळसर रंगद्रव्यांकडे आणि शेवटी हरितद्रव्याकडे जाते.

अडचण येते ती प्रकाश जास्त झाला की. केंद्रं भरलेली असतात, ऊर्जा येतच राहते, आणि त्यातून ऑक्सिजनचं घातक रूप तयार होऊन केंद्रातलं डी-1 प्रथिन मोडतं. त्यावर पानाचा उपाय असा: हरितलवकातल्या पटलांच्या आत आम्लता वाढते, काही मिनिटांत व्हायोलाझँथिन या कॅरोटिनॉइडचं झियाझँथिन हे दुसरं कॅरोटिनॉइड होतं, आणि जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ढग आल्यावर ही झडप लगेच बंद होत नाही, तेवढा वेळ उपयोगी प्रकाशही वाया जातो.

सावलीत वाढलेल्या पानांची अँटेना मोठी आणि झडप कमकुवत असते. असं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं की पानं पांढुरकी पडतात. ती करपलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग एक-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत नेलं, तर नवी पानं लहान अँटेना घेऊनच फुटतात.