बाळाचे दूध टाकणे

बाळाचे दूध टाकणे : तान्ह्या बाळाने प्यालेले दूध जोर न लावता, सहजगत्या तोंडावाटे (क्वचित नाकावाटेही) बाहेर येणे. याला कुठे ‘दूध काढणे’, कुठे ‘गुळणी टाकणे’ असेही म्हणतात. दवाखान्यात ‘रिफ्लक्स’ हा शब्द कानावर पडतो. उलटी वेगळी. उलटीत पोटाचे स्नायू आवळतात, बाळ आधी कासावीस होते, मग दूध जोराने येते. गुळणी नुसती ओघळते आणि बाळ त्याच मिनिटाला पुन्हा पाय झाडत खेळू लागते. ‘टाकले’ आणि ‘ओकले’ हे दोन शब्द आपण रोज वापरतो, पण रात्री दोन वाजता ओले दुपटे हातात आल्यावर नेमका त्यांतला फरक आठवत नाही.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वळे असते. ते घास खाली जाताना उघडते, एरवी मिटलेले राहते. लहान बाळांत हे वळे ‘कच्चे’, ‘सैल’ असते म्हणून दूध वर येते, अशी समजूत बराच काळ होती. १९४७ मध्ये नॉयहाउझर आणि बेरेनबर्ग या अमेरिकी डॉक्टरांनी या सैलपणाला ‘कॅलेझिया’ असे नावही दिले. पुढे नळीतला दाब मोजता येऊ लागला तेव्हा दिसले, की वळे बहुधा पुरेसे घट्टच असते. मात्र जठर ताणले गेले की ते गिळण्याशी संबंध नसताना काही सेकंद आपोआप उघडते. हे मोठ्या माणसांतही घडते. बाळाचा आहार पातळ, अन्ननलिका आखूड आणि दिवसाचा बराच वेळ आडवे पडून, त्यामुळे त्याचे बाहेर येते एवढेच. शिवाय प्रमाण पाहावे : या वयात बाळ वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मि.लि. दूध पिते. ६० किलोच्या माणसाने त्या हिशेबाने प्यायचे ठरवले तर रोज ९ लिटर होतील. टाकलेले दूध कधी जसेच्या तसे असते, कधी त्यात दह्यासारख्या आंबूस गुठळ्या असतात. गुठळ्या म्हणजे दूध बिघडल्याची खूण नव्हे. ते जठरातल्या आम्लात थोडा वेळ राहून आले आहे, इतकाच त्यांचा अर्थ.

अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तीन महिन्यांपर्यंतची सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकत असल्याचे आढळले. चौथ्या महिन्यात हे प्रमाण सर्वांत वर, ६७ टक्क्यांपर्यंत गेले आणि दहा ते बारा महिन्यांच्या वयात ५ टक्क्यांवर उतरले. हा चढ-उतार मराठी घरांच्या रीतीशी विचित्र जुळतो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी असते आणि दोन-तीन महिन्यांचे बाळ घेऊन सासरी परतते. दूध टाकणे नेमके तेव्हाच वाढत असते. मग पाणी बदलले, हवा मानवली नाही, प्रवासात दृष्ट लागली, अशी कारणे निघतात. मीठ-मोहरी ओवाळून टाकायला हरकत नाही. त्यात वेळ जातो तेवढाच. आईच्या हाताला दोष लागतो, ते मात्र वाईट.

बाळ किती टाकते यावरून फारसे कळत नाही. दुपट्यावरचा डाग नेहमी मोठा दिसतो. चमचाभर दूध कापडावर ओतून पाहिले की याची खात्री पटते. जुन्या बायका ‘बाळाने बाळसे धरले का’ असे विचारतात, आणि बालरोगतज्ज्ञ वजनकाट्यावर तेच विचारत असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांत ते भरून निघते. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ आणि दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले, असे असेल तर बाळाला दूध पुरते आहे, मग ते कितीही टाको. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाची रेघ काढलेली असते. ती रेघ चढत असेल तर तपासण्यांची गरज सहसा पडत नाही.

पिण्यातल्या अडचणी. दूध टाकण्याची तक्रार पुष्कळदा पिण्याच्या पद्धतीतून येते. स्तनाग्रच नव्हे तर भोवतीच्या काळसर भागाचा मोठा हिस्सा बाळाच्या तोंडात जायला हवा. नुसते टोक धरले तर दुधाबरोबर हवा जाते, आईला जखमा होतात आणि बाळ अर्धपोटी राहते. काही आयांना पान्हा इतक्या वेगाने फुटतो की बाळ ठसकते आणि तोंड काढून रडते. अशा वेळी पहिली धार कापडावर जाऊ द्यावी आणि आईने थोडे मागे रेलून पाजावे. बाटलीत उलट प्रकार होतो : बुचाचे छिद्र मोठे असेल तर बाळाला थांबताच येत नाही आणि उरलेले ३० मि.लि. संपवण्याचा आग्रह मोठ्यांचा असतो. बाळाने तोंड फिरवले की पाजणे थांबवावे. डब्याचे दूध डब्यावर लिहिलेल्या मापानेच करावे. ‘अंगाला लागावे’ म्हणून घट्ट किंवा ‘पचावे’ म्हणून पातळ केलेले, दोन्ही घातक.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट आणखी वेगळी. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण गर्भावस्थेच्या ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे लागते. बोंडले म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. दक्षिणेत तिला पालाडाई म्हणतात. बाटली उकळण्यापेक्षा बोंडले घासून उकळणे सोपे, म्हणून नवजात विभागांनी हे घरगुती भांडे आनंदाने उचलले. आईचे दूध उतरेपर्यंत दुसऱ्या मातेचे दूध मिळावे यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ही पहिली.

बाळाला धरणे, बसवणे, निजवणे. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे बाळाला खांद्याशी उभे धरावे, हा सल्ला टिकून आहे. उभे धरणे आणि बसवणे यांत मात्र मोठा फरक आहे, आणि तो कळायला वैद्यकाला काही दशके लागली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रिफ्लक्सच्या बाळांना उतरत्या खुर्चीत तासन्‌तास बसवून ठेवण्याची पद्धत होती. तर्क सरळ होता : पाणी खाली वाहते. १९८३ मध्ये सुझन ओरेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अन्ननलिकेतले आम्ल प्रत्यक्ष मोजले, तर खुर्चीतल्या बाळांत रिफ्लक्स वाढलेलाच निघाला. मान-पाठ न सावरणारे बाळ खुर्चीत मुडपते, पोट दाबले जाते आणि दूध वर ढकलले जाते. हाच न्याय मोटारीतल्या बाळ-खुर्चीला लागू आहे. पाजल्या पाजल्या झोळीत टाकण्यालाही तो लागू करावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जुन्या नऊवारीच्या झोळीत बाळ गाढ झोपते खरे, पण कमानीसारखे वाकून.

पालथे किंवा डाव्या कुशीवर निजवल्यास रिफ्लक्स कमी होतो, हेही मोजून सिद्ध झाले आहे. तरीही बाळाला झोपेत तसे ठेवू नये. पालथ्या झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो आणि ब्रिटन-अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘उताणे निजवा’ अशी मोहीम झाल्यावर असे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. उताण्या बाळाने दूध टाकले तर ते गुदमरेल ही भीती स्वाभाविक असली तरी निरोगी बाळ तोंड वळवून किंवा गिळून वाट मोकळी करते. गादीखाली उशी सारून उतार केल्याने फायदा दिसलेला नाही. अमेरिकेत तर १० अंशांपेक्षा अधिक उताराच्या शिशु-बिछान्यांवर २०२२ मध्ये कायद्यानेच बंदी आली. नातवंडासाठी तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी सुनेशी वाद घालण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

दिनक्रमातला एक बदल महाराष्ट्रात सहज जमण्यासारखा आहे. तेल लावून पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याची आपली पद्धत बाळाला भरल्या पोटी सोसत नाही. पालथे करून पाठ चोळताना दूध बाहेर येणारच. आधी आंघोळ, मग दूध, मग झोप, असा क्रम ठेवावा. न्हाणाऱ्या बाईने नाकात तेल सोडणे किंवा फुंकणे मात्र पूर्ण बंद करावे. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

ढेकर. पाठ थोपटून ढेकर काढणे हा घराघरातला नित्यविधी. चंडीगढमध्ये ७१ माता-बालकांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो कसोटीला लागला. ढेकर काढलेल्या बाळांचे पोटशूळाचे रडणे कमी झाले नाही आणि दूध टाकणे उलट वाढले. अभ्यास लहान आहे, त्यावरून आजीला ओरडू नये. पण ढेकर आला नाही म्हणून झोपलेल्या बाळाला तासभर थोपटत बसण्याचे कारण उरत नाही.

आईचे खाणे. बाळाच्या दुखण्याचे मूळ आईच्या दुधात शोधण्याची परंपरा जुनी आहे. ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथातील उत्तरस्थान या भागात दूषित स्तन्यामुळे होणाऱ्या ‘क्षीरालसक’ या बालरोगाचे वर्णन आहे आणि त्याच्या लक्षणांत ओकारीही येते. बाळंतिणीच्या ताटातून डाळ, बटाटा, भात, फळे यांची हकालपट्टी होते ती याच विचाराच्या सावलीत. आईने वातूळ खाल्ले म्हणून बाळाने दूध टाकले, याला आधार नाही. अपवाद गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या थोड्या बाळांचा. त्यांच्यात सोबत शीमध्ये रक्त, अंगावर चट्टे, सततची किरकिर, वजन न वाढणे अशा खुणा दिसतात. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध-दही-पनीर पूर्ण सोडून पाहावे आणि फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करावे. हा दुसरा भाग बहुतेक घरांत विसरला जातो आणि बाळंतीण वर्षभर दुधाविना राहते.

गुटी, ग्राइप वॉटर, औषधे. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, सुंठ, हिरडा यांचे वेढे सहाणेवर उगाळून दिली जाणारी बाळगुटी दूध टाकणे थांबवते, असे दिसून आलेले नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतही ती बसत नाही. ती मधात देणे तर टाळावेच : वर्षाआतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जंतूंची विषबाधा, होऊ शकतो. ग्राइप वॉटर हे गुटीचे इंग्रज भावंड. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ते आणले आणि त्यात खाण्याचा सोडा, साखर, मद्यार्क आणि शेपूच्या बियांचे तेल होते. म्हणजे आपल्या बाळंतशोपाच. आई जेवणानंतर चघळते ते बाळाला बाटलीतून, आणि त्यावर दारू! मद्यार्क पुढे काढून टाकण्यात आला.

आम्ल कमी करणारी औषधे हल्ली फार लवकर लिहून दिली जातात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६२ बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्रॅझोल आणि निम्म्यांना औषधासारखे दिसणारे द्रव्य दिले. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत ५४ टक्के बाळे सुधारली होती, आणि औषधाच्या गटात श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक होते. अन्ननलिकेला खरोखर दाह झाला असेल तेथे ही औषधे उपयोगी आहेत. हसऱ्या, गुटगुटीत बाळाच्या ओल्या झबल्यावर नाहीत. जठर लवकर रिकामे व्हावे म्हणून पूर्वी सर्रास दिले जाणारे सिसाप्राइड हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे मागे पडले, तर आम्ल कमी करणारे रॅनिटिडीन अमेरिकेच्या बाजारातून २०२० मध्ये काढून घेण्यात आले.

धोक्याच्या खुणा. हिरवी उलटी ही तातडीची बाब आहे. आतड्याला पीळ पडला असण्याची शक्यता असते आणि तासांचा प्रश्न असतो. सकाळपर्यंत थांबू नये. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाचे, विशेषतः पहिलटकरणीच्या मुलाचे, प्रत्येक पाजण्यानंतर दूध लांबवर उडत असेल आणि तरी ते लगेच भुकेने वळवळत असेल, तर जठराचे खालचे तोंड जाड होऊन अरुंद झालेले असू शकते. सोनोग्राफीत ते दिसते. जर्मन शल्यविशारद रामस्टेट यांनी १९११ मध्ये केलेली शस्त्रक्रिया आजही यावर केली जाते आणि बाळ काही दिवसांत घरी जाते. रक्त पडणे, ताप, टाळू फुगणे, पोट ताठरणे, मलूलपणा, लंगोट कोरडे राहणे, पिताना निळे पडणे किंवा दूध टाकणे सहा महिन्यांनंतरच प्रथम सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर त्याला गुळणी समजू नये. क्वचित रिफ्लक्समुळे बाळ मान वाकडी करून पाठ धनुष्यासारखी ताणते आणि घरचे त्याला फिट समजतात. या प्रकाराला लंडनचे मेंदुविकारतज्ज्ञ पॉल सँडिफर यांचे नाव मिळाले असून त्याचे पहिले वर्णन १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवल्यास निदान लवकर होते.

बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते, दूध टाकणे त्यानंतर. म्हणजे एक ओसरत असताना दुसरे चढते आणि आईला मध्ये उसंत मिळत नाही. रात्रीचे एक पाजणे झाल्यावर खांद्यावर धरण्याचा अर्धा तास बाळाच्या बापाने घ्यावा. त्यासाठी दूध यावे लागत नाही. सहाव्या महिन्यानंतर उष्टावण होऊन मऊ भात, खिमटी पोटात जाऊ लागते, बाळ बसू लागते आणि खांद्यावरची दुपटी हळूहळू कपाटात जातात. दीड वर्षानंतरही दूध टाकणे चालूच राहिले तर मात्र तपासण्या कराव्या लागतात.