सुताला पीडा, म्हणून बळ

वातीच्या कापसाचा पुंजका घेऊन दोन्ही टोकांना ओढा. काहीही जोर न लावता तो सुटून येतो. आता तोच कापूस मांडीवर वळा आणि मग ओढा. बोटाला काचेल, पण तुटता तुटणार नाही. मधे ना डिंक लावला ना गाठ मारली. फक्त पीळ दिला.

सुतातले तंतू लांबच लांब असतात, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. तरी सूतगिरणीत त्याचं मैलोगणती सूत निघतं, कारण पीळ दिल्यावर तंतू मळसूत्रासारखा फिरतो. सूत ताणलं की तंतू सरळ व्हायला बघतो, पण आत दुसरे तंतू असतात. त्यांना तो दाबतो. दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे जितकं ओढाल तितकी पकड घट्ट! हा दाब तंतूवरच्या ताणाच्या आणि त्याच्या तिरकेपणाच्या कोनाच्या 'साइन'च्या (त्रिकोणमितीतल्या गुणोत्तराच्या) वर्गाच्या प्रमाणात असतो. कोन लहान असताना तो दुप्पट केला, की दाब जवळजवळ चौपट. मात्र तंतू फार तिरका झाला की त्याचं बळ सुताच्या लांबीच्या दिशेनं कमी लागतं. अति पिळलेलं सूत सैल सोडताच वेटोळी घालतं, आणि ओढलं तर या तिरकेपणामुळे कट्‌कन तुटतं.

गंमत म्हणजे ही सगळी यंत्रणा शब्दातच आहे. पिळणं आलं संस्कृत 'पीड्' धातूवरून, अर्थ दाबणं. गुडचा गूळ झाला, षोडशचे सोळा झाले, तसा या 'ड'चा 'ळ' झाला. पीडा, पिळवणूक, पिळदार दंड, पोटातला पीळ, सगळे एकाच घरचे. (दृष्ट लागू नये म्हणून पायात बांधतात त्या काळ्या दोऱ्यात शक्ती असलीच, तर ती एवढीच: घर्षणाची.)

'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' हेही खरंच आहे. काथ्या असो की कापूस, सेल्युलोज वितळत नाही. त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातो आणि कोळसा मूळ आकारात उरतो. एडिसननं १८७९ मध्ये दिव्याची तार केली ती अशाच, हवा लागू न देता कोळसा केलेल्या सुती दोऱ्याची.

नायलॉनच्या दोरीला मात्र ही म्हण लावू नका. ती आधी वितळते.