अडीच टनांची गाडी जमिनीला टेकवताना

शेव्हर्ले सबर्बन ही अमेरिकेतली मोठ्या कुटुंबाची गाडी. लांबी सुमारे पावणेसहा मीटर, वजन अडीच टनांच्या वर आणि खाली ट्रकसारखी स्वतंत्र पोलादी चासी. हीच गाडी तिथल्या हौशी लोकांच्या हाती पडली, की ते पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेचे रबरी फुगे बसवतात; मग इंजिन बंद करताना फुस्स आवाज होतो, हवा सुटते आणि तिचा पत्रा वाहनतळाच्या डांबराला टेकतो. पाहणाऱ्याला ही करामत हवेची वाटते. खरे तर हवेचा भाग त्यातल्या त्यात सोपा असतो. गाडी जितके सेंटिमीटर खाली आणायची, तितकी जागा चाकांना, ती जोडणाऱ्या अॅक्सलला आणि इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टला वरच्या बाजूला शोधून द्यावी लागते, आणि सगळे कौशल्य त्या शोधात खर्च होते.

या छंदाला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असता कामा नये, असा नियम कॅलिफोर्नियात १९५८ साली लागू झाला. त्यावर तोड म्हणून रॉन अगिरे या हौशी गाडीवाल्याने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली, म्हणजे गाडी हवी तेव्हा खाली आणि हवी तेव्हा कायदेशीर उंचीवर. परंतु तेल दाबले जात नाही, त्यामुळे अशा गाड्या दणके देतात. हवा दाबली जाते, म्हणून ती उचलण्याचे आणि स्प्रिंगचे अशी दोन्ही कामे करते. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रॉममध्ये चारही चाकांना हवेच्या स्प्रिंगा दिल्या होत्या, पण गळतीला कंटाळून अनेक मालकांनी त्या काढून पोलादी बसवून घेतल्या. आजचे रबरी फुगे आणि नायलॉनच्या नळ्या त्या मानाने फार भरवशाच्या आहेत.

मुंबई-पुणे मार्गावर शिवनेरीतून प्रवास केलेल्यांना या फुग्यांचा गुण ठाऊक आहे, भले त्यांनी तो कधी पाहिला नसेल. पोलादी स्प्रिंगचा ताठरपणा ठरलेला असतो. माणसे वाढली की गाडी खाली बसते आणि तिचे हेलकावे संथ होतात. हवेच्या स्प्रिंगमध्ये वजन वाढले की आणखी हवा भरून उंची तीच राखता येते, आणि दाबाबरोबर ताठरपणाही वाढत असल्यामुळे हेलकाव्यांची गती जवळजवळ बदलत नाही. मात्र हवा हेलकावे थांबवत नाही, त्यासाठी शॉक अॅब्सॉर्बर लागतोच. यातल्या फुग्यालाही एअरबॅगच म्हणतात, पण अपघाताच्या वेळी स्टिअरिंगमधून बाहेर येणाऱ्या पिशवीशी त्याचा काही संबंध नाही.

आकडेमोड शाळेतलीच आहे. एका चाकावर साधारण ६५० किलो भार येतो असे धरू. मागच्या अॅक्सलवर थेट ठेवलेल्या फुग्याच्या भार पेलणाऱ्या भागाचा व्यास १५ सेंमी असेल, तर क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंमी होते आणि गाडी तोलायला वातावरणापेक्षा अंदाजे ३.६ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) जास्त दाब पुरतो. पुढे मात्र फुगा चाकाच्या थेट वर बसत नाही. तो खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या बिजागरीच्या दांड्यावर, चाकापासून आत असतो. आर्मच्या बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या ६० टक्क्यांवर तो बसला, तर तरफेच्या नियमाने त्याला जवळपास १,०८० किलोंचा भार पेलावा लागतो, आणि तेवढ्याच आकाराच्या फुग्याला ६ बार लागतात. एकाच गाडीत पुढच्या आणि मागच्या दाबांत एवढा फरक का, याचे उत्तर या तरफेत आहे.

आता जागेचा प्रश्न. सबर्बनच्या २०२० पर्यंतच्या गाड्यांत मागे सलग अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी एकच ताठ नळी) असे आणि चासीचे दोन लांब दांडे त्याच्या वरून जात. गाडी फार खाली आणली, की अॅक्सलची नळी त्या दांड्यांच्या बुडाला आदळते. मग दांड्याच्या खालच्या बाजूचा तुकडा अर्धगोलात कापून काढावा लागतो. येथे तुळईचा नियम आडवा येतो, कारण भरीव पट्टीची उंची निम्मी केली तर तिचा ताठरपणा आठव्या हिश्श्यावर येतो. पोकळ दांड्यात घट इतकी टोकाची नसली, तरी नेमक्या अॅक्सलच्या माथ्यावर, जिथे भार उतरतो तिथेच, चासी दुबळी होते. म्हणून कापलेल्या जागी जाड पोलादी कमान वेल्ड करतात, कडेने पट्ट्या लावतात आणि बऱ्याचदा दोन्ही दांड्यांना वरून जोडणारा पूल उभारतात. जाणता वेल्डर या पट्ट्यांची टोके सरळ उभी न ठेवता तिरकी, टोकदार कापतो. दांड्याला आडवा जाणारा सरळ जोड सगळा ताण एका रेषेत गोळा करतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. तिरक्या जोडाने तो ताण लांबीवर पसरतो. बाकी चकाकी कितीही असो, कारागिराची पारख मला या टोकांवरून करावीशी वाटते.

एवढे करून चासी जमिनीला टेकली, तरी दारांखालची पत्र्याची कड काही सेंटिमीटर वर तरंगत राहते, कारण बॉडी रबरी आधारांवर चासीच्या वर ठेवलेली असते. ती कडही टेकवायची असेल, तर फरशी सभोवार कापून बॉडी चासीवर खाली सरकवतात आणि फरशी पुन्हा वरच्या पातळीवर जोडतात. इंजिन मात्र चासीवर जागच्या जागी राहते, त्यामुळे बॉनेट त्याच्या जवळ येते आणि रेडिएटर व स्टिअरिंगचा दांडा यांची जुळणी नव्याने करावी लागते. छत खाली आले, फरशी नाही. डोक्यावरची तेवढी जागा कायमची गेली.

उंची बदलली की शाफ्टच्या सांध्यांचे कोनही बदलतात. साध्या युनिव्हर्सल सांध्यात, म्हणजे दोन शाफ्ट कोनात असतानाही फिरवणाऱ्या जोडात, १० अंशांचा कोन असेल, तर पलीकडच्या शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा दीड टक्क्याने कमीजास्त होते. २० अंशांवर हाच चढउतार ६ टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले तर तो एकमेकांत फिटतो, म्हणून मागचा अॅक्सल वरखाली होताना वाकडा वळणार नाही अशा बेताने त्याच्या जोडदांड्या बसवाव्या लागतात.

लाभही खरा आहे. गाडी उलटण्याची प्रवृत्ती मोजताना चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागतात. रुंदी १.७४ मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंमीवर धरला तर भागाकार १.१६ येतो; तोच गुरुत्वमध्य १० सेंमी खाली आणला तर १.३४, म्हणजे साध्या मोटारीच्या पंक्तीतला. अर्थात हा फायदा चाकांना वरखाली व्हायला जागा उरली असेल तरच पदरात पडतो. पूर्ण टेकलेली गाडी ही चालवायची गाडी नव्हे.

देखभालीत शत्रू दोन, पाणी आणि थंडी. हवा दाबली की तिच्यातला ओलावा हवेच्या टाकीच्या तळाशी साचतो आणि वेळोवेळी काढला नाही तर व्हॉल्व्ह गंजवतो. फुग्यातला दाब गाडीच्या वजनाने ठरलेला असतो. म्हणून पारा ३० अंशांवरून शून्यावर गेला, की हवेचे आकारमान दहा टक्क्यांनी आटते आणि कुठेही गळती नसताना गाडी सकाळी खाली बसलेली आढळते.

भारतात चासी कापण्याचा विचार करणाऱ्याने आधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

शेव्हर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०२१ च्या सबर्बनला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापले वरखाली होते अशी रचना) दिले आणि हवेच्या स्प्रिंगांचा पर्यायही ठेवला. महामार्गावर ती गाडी हवेचा विरोध घटवण्यासाठी आपोआप सुमारे दोन सेंमी उतरते आणि माणसांच्या चढउतारासाठी पाच सेंमी, पण वरपासून खालपर्यंतचा तिचा सगळा पल्ला जेमतेम दहा सेंमीचा आहे. हवा भरणाऱ्या कंप्रेसरला त्याहून अधिक सहज जमले असते. पण ही गाडी कुठेही न कापता, प्रत्येक उंचीवर हमीसह चालवायची असते, आणि चाकांचे व शाफ्टचे कोन त्याहून मोठा पल्ला मानत नाहीत.