स्पीकर आणि डॅक घेण्यापूर्वी ॲम्प्लिफायरची मागची बाजू वाचावी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, त्याला नवे स्पीकर घ्यायचे आहेत आणि मोबाइल किंवा टीव्हीवरची गाणी त्यावर ऐकण्यासाठी एक डॅकही (डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला कळेल असा करून देणारी डबी) हवा आहे, अशी चौकशी घेऊन आमच्या दुकानात येणारे ग्राहक अलीकडे बरेच वाढले आहेत. माळ्यावर पडून असलेले जुने सान्सुई, पायोनिअर किंवा सोनोडाइन पुन्हा दिवाणखान्यात येत आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : “आमचा ॲम्प्लिफायर इतक्या वॅटचा आहे, त्याला किती वॅटचे स्पीकर चालतील?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही फोनवर देत नाही. त्यामुळे काही ग्राहक नाराज होतात याची आम्हाला कल्पना आहे. परंतु नुसत्या वॅटच्या आकड्यावरून जुळवलेली जोडी फसली की तोच ॲम्प्लिफायर पुढे दुरुस्तीसाठी आमच्या टेबलावर येतो आणि त्यात ग्राहकाचा पैसा व आमचा वेळ दोन्ही जातात.

म्हणून आमची विनंती अशी की, येताना ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये घेऊन यावे. बार्शी, अक्कलकोट किंवा पंढरपूरहून येणाऱ्यांनी एवढे वजन एसटीतून आणण्याचेही कारण नाही, फोटो पुरतो. पुढच्या बाजूला कंपनीचे नाव आणि बटणे असतात, पण कामाची माहिती मागे, स्पीकरच्या जोडण्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेली असते. तिथे साधारणपणे ‘ए किंवा बी : ४ ते १६ ओम’ आणि त्याखाली ‘ए + बी : ८ ते १६ ओम’ अशा अर्थाच्या दोन ओळी आढळतात. ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे स्पीकरच्या दोन जोड्यांसाठीच्या जोडण्या, आणि ओम म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला किती अडवतो त्याचे माप; ओम जितके कमी तितका प्रवाह जास्त. सर्वाधिक नुकसान यातील दुसरी ओळ न वाचल्यामुळे होते.

प्रकार असा घडतो. ग्राहकाकडे ६ ओमच्या स्पीकरची एक जोडी आधीच असते. तो बाजारातून किंवा ऑनलाइन ४ ओमची दुसरी जोडी आणतो, एक जोडी ‘ए’ला आणि दुसरी ‘बी’ला लावतो आणि घरात कार्यक्रम असला की दोन्ही एकदम चालू करतो. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये या दोन जोड्या समांतर जोडल्या जातात आणि ओमची बेरीज होण्याऐवजी ते उलट कमी होतात, म्हणजे ॲम्प्लिफायरवरचा भार वाढतो. ८ ओमचे दोन स्पीकर समांतर लावले की ॲम्प्लिफायरला ते ४ ओम दिसतात, ४ ओमचे दोन लावले तर २ ओम, आणि वरच्या ग्राहकाच्या ६ व ४ ओमच्या जोडीचे २.४ ओम होतात. आता हिशेब पाहावा : आवाज वाढवल्यावर ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देत असेल, तर ८ ओमच्या स्पीकरमधून २.५ अँपिअर प्रवाह वाहतो, ४ ओममधून ५ आणि २ ओममधून १० अँपिअर. व्होल्टेज तेच राहते, पण चौपट प्रवाह त्याच ट्रान्सफॉर्मरमधून आणि त्याच आउटपुट ट्रान्झिस्टरमधून ओढला जातो. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये प्रोटेक्शनचा रिले (धोका दिसताच आपोआप तुटणारा स्विच) आहे तो ‘टक्’ असा आवाज करून स्पीकर तोडतो, आणि ग्राहक समजतो की यंत्र बिघडले. ज्यात तो नाही तिथे फ्यूज जाईपर्यंत बहुधा ट्रान्झिस्टर गेलेला असतो. तो शॉर्ट झाला की सरळ डीसी (एकाच दिशेची वीज) स्पीकरमध्ये उतरते आणि वूफरची, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, कॉइलही जळते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, त्यात ॲम्प्लिफायर बंद शोकेसमध्ये आणि जाळीवर क्रोशाचा रुमाल अंथरलेला. अशा वेळी हे सगळे फार लवकर घडते. रुमाल आधी काढावा. यंत्राच्या वर निदान चार बोटे जागा मोकळी ठेवावी.

स्पीकरवर लिहिलेला ओमचा आकडा हा ठोकळ मानाने दिलेला असतो, हेही लक्षात घ्यावे. ८ ओमचा स्पीकर प्रत्येक स्वराला ८ ओम नसतो. तो काही स्वरांना सहापर्यंत खाली उतरतो आणि काही स्वरांना वीस-तीसपर्यंत चढतो. काही ग्राहक घरी मल्टिमीटर लावून बघतात आणि “८ ओमचा सांगून ६ ओमचा दिला” अशी तक्रार घेऊन येतात. मल्टिमीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रोध दाखवतो आणि ८ ओमच्या स्पीकरचा तो ६ च्या आसपासच असतो. फसवणूक झालेली नसते.

आता वॅटविषयी. स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसू शकतो याची मर्यादा. त्याला तेवढे द्यावेच लागतात असे नाही. त्यातही खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल शक्तीचा जाहिरातीतला आकडा) असे लिहून हजारांत आकडा दिला असेल तर तो वाचूच नये, आरएमएस वॅट, म्हणजे सतत चालणारे वॅट, विचारावेत. आवाज किती मोठा येईल हे वॅटपेक्षा स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे १ वॅट दिल्यावर तो किती डेसिबल आवाज देतो या आकड्यावर अधिक अवलंबून असते. ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबल वाढ मिळते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की ३० वॅटच्या ॲम्प्लिफायरला ९० डेसिबलचा स्पीकर लावला तर तो ६० वॅटच्या ॲम्प्लिफायरवरील ८७ डेसिबलच्या स्पीकरइतकाच वाजेल. नवीन, महाग ॲम्प्लिफायर विकण्यापेक्षा योग्य स्पीकर सुचवणे आम्हाला म्हणूनच रास्त वाटते, मग त्यात आमचा नफा कमी झाला तरी चालेल. येथे एक छोटी खोच आहे. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटीचा आकडा १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजून देतात. ८ ओमवर दोन्ही एकच आहेत, पण ४ ओमवर २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे ४ ओमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबल जास्त चांगला दिसतो.

लहान ॲम्प्लिफायर मोठ्या स्पीकरला काही करू शकत नाही, हा समजही खरा नाही. ३० वॅटचा ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे ताणला की ध्वनिलहरींची टोके छाटली जातात, आवाज चिरकतो आणि वरच्या स्वरांकडे नको तेवढी शक्ती जाते. त्यात पहिला बळी ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या लहान स्पीकरचा पडतो. असा ट्वीटर उघडला की त्याची केसासारखी बारीक कॉइल काळी पडलेली स्पष्ट दिसते. कंपनीच्या दोषाने बंद पडलेला ट्वीटर असा दिसत नाही, म्हणून काळ्या कॉइलचा स्पीकर आम्ही वॉरंटीत घेत नाही आणि ग्राहकासमोरच तो उघडून दाखवतो.

डॅक म्हणजे मोबाइल, लॅपटॉप किंवा टीव्हीमधील डिजिटल संकेतांचे ॲम्प्लिफायरला कळणाऱ्या ॲनालॉग संकेतांत रूपांतर करणारी डबी. त्याच्या बाबतीत ओमचा प्रश्न सहसा येत नाही, पण तो कोणत्या सॉकेटला लावला याला फार महत्त्व आहे. डॅकच्या लाल-पांढऱ्या पिना ‘ऑक्स’, ‘सीडी’, ‘ट्यूनर’ किंवा ‘टेप’च्या ‘प्ले’ सॉकेटमध्ये लावाव्यात. ‘फोनो’मध्ये कधीही लावू नयेत. तो रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतो; सुईचे काही मिलिव्होल्ट तो सुमारे शंभरपट वाढवतो, शिवाय खालचे स्वर फुगवतो. डॅक मात्र २ व्होल्ट देतो, त्यामुळे तिथे लावल्यास गाणे फाटलेले आणि घोगरे येते. काही जुन्या ॲम्प्लिफायरमागे ‘मेन इन’ असेही सॉकेट असते. तिथे आवाजाचे बटण कामच करत नाही, त्यामुळे साधा डॅक लावून गाणे सुरू केले की ते थेट पूर्ण आवाजात सुरू होते.

जुन्या ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला पूर्ण ताकदीसाठी १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरत असत, आणि आजचा डॅक त्याच्या दहापट किंवा अधिक देतो. म्हणूनच बटण जरासे फिरवताच घर दणाणते. त्यावरून ॲम्प्लिफायर फार ताकदवान आहे असा निष्कर्ष काढू नये. त्याची ताकद तेवढीच आहे, ती फक्त लवकर संपते. शिवाय जुने बटण अगदी सुरुवातीच्या भागात दोन्ही बाजूंना सारखे चालत नाही, आणि हळू आवाजात गाणे एकाच स्पीकरकडे झुकते. अशा ॲम्प्लिफायरसाठी आउटपुट कमी-जास्त करता येणारा डॅक घ्यावा. तो थोडा महाग पडतो, पण या एका कारणासाठी ते पैसे खर्च करावेत असे आमचे मत आहे. याउलट ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्झ अशा, डिजिटल आवाज किती बारकाईने मोजला ते सांगणाऱ्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. सीडी १९८२ साली आली तेव्हापासून ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवरच आहे. घरगुती ऐकण्यासाठी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत चालणारा डॅक भरपूर होतो.

टीव्हीला ऑप्टिकल वायरने डॅक जोडल्यावर आवाज येत नाही, ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी येतेच. वायरच्या टोकावरचे पारदर्शक प्लास्टिकचे टोपण आधी काढले आहे का ते पाहावे. ते काढल्यावर टीव्ही चालू असताना टोकाशी लाल प्रकाश दिसतो. तो दिसत असूनही आवाज नसेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आवाजासाठी ‘पीसीएम’ निवडावे. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ असले तर टीव्ही डॉल्बीचा संकेत पाठवतो, आणि दोन चॅनलच्या साध्या डॅकला तो उलगडता येत नाही. एवढ्यासाठी डॅक बदलून मागू नये.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेला ॲम्प्लिफायर असेल तर फोटोत व्होल्टचा आकडाही आला पाहिजे. अमेरिकेतला १२० व्होल्टचा, तर जपानमधला १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो थेट लावू नये. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आम्ही यंत्राच्या वॅटप्रमाणे देतो.

शहाबादी फरशी, रिकाम्या भिंती आणि सिमेंटचे छत असलेल्या खोलीत मोठे वूफर घुमतात आणि शब्द अस्पष्ट होतात. तिथे साडेसहा इंची वूफरचे, भिंतीपासून हातभर पुढे ठेवलेले स्पीकर अधिक चांगले वाजतात, आणि स्पीकर व श्रोता यांच्यामधल्या फरशीवर जाडसर सोलापुरी चादर दुहेरी अंथरली तरी फरक कळतो. त्यासाठी आमच्याकडून काही विकत घ्यावे लागत नाही.

आमच्याकडून स्पीकर घेणाऱ्यांना दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मापाने कापून, टोके बांधून दिली जाते. याचे पैसे वेगळे लागतात. मात्र टोकाची एखादी सुटी तार शेजारच्या जोडणीला चिकटून होणारे शॉर्ट त्यामुळे टळते. आपला ॲम्प्लिफायर दुकानात आणल्यास दोन-तीन स्पीकर त्यावरच वाजवून ऐकता येतील. जुने यंत्र असल्यास आम्ही आधी ते तपासून घेतो आणि तपासणीची रक्कम खरेदीच्या बिलातून वजा करतो. गणेशोत्सवात आणि जानेवारीतील सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास मंडळांच्या व स्टॉलवाल्यांच्या ॲम्प्लिफायरची दुरुस्ती मोठ्या प्रमाणात असते, त्यामुळे त्या काळात तपासणीला ठेवलेला घरगुती ॲम्प्लिफायर त्याच दिवशी परत मिळेल असे धरून चालू नये.