गॅस फिटरच्या करारातली ‘सेवा’

पुण्यात गॅसचं फिटिंग वर्षानुवर्षं शब्दावर चाललं. १८७२ च्या करार कायद्याला तोंडी करारही चालतो, आणि सिलिंडरच्या काळात लिहून ठेवण्यासारखं होतं तरी काय? रेग्युलेटर, रबरी नळी, बर्नर. कागद आला तो पाइपच्या गॅसबरोबर. २००६ मध्ये केंद्राने गॅस-पेट्रोलियमच्या नियामकाचा कायदा केला, २००८ मध्ये शहरी जाळ्यांची तांत्रिक आणि सुरक्षा मानकं ठरली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कोथरूडपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत सोसायट्यांच्या भिंतींवर पिवळे पाइप चढले.

मात्र फिटरची पहिली सही पडली ती तपासणीच्या कागदावर. सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, दाब ठरलेला वेळ टिकला, मीटरचा नंबर अमुक. खाली ग्राहकाची सही, शेजारी फिटरची. पुढे गळती निघाली तर कोणाला धरायचं हे त्यावरून कळायचं. त्या कामाचे पैसे कधी मिळणार, हे कुठेच नसायचं. कंपनीकडून मुख्य ठेकेदार, त्याच्याकडून पोटठेकेदार आणि शेवटी फिटर अशी ही साखळी. लेखी करार वरून खाली झिरपत आला. फिटरपर्यंत सगळ्यांत उशिरा.

आला तोही ‘सेवा करार’ या नावाने, आणि खरा घोळ इथेच आहे. इंग्रजी कायद्यात याची दोन रूपं आहेत. एकात माणूस नोकर, दुसऱ्यात स्वतंत्र कंत्राटदार. फरक एका छोट्या शब्दाचा: ‘कॉन्ट्रॅक्ट ऑफ सर्व्हिस’ म्हणजे नोकरी, ‘कॉन्ट्रॅक्ट फॉर सर्व्हिसेस’ म्हणजे कंत्राट. मराठीत दोन्हींना सर्रास ‘सेवा करार’च म्हणतात. आपण तर ‘सेवेत रुजू’, ‘सेवानिवृत्त’ हे नोकरीबद्दलच बोलतो, त्यामुळे फिटरला वाटतं आपण कामाला लागलो. ठेकेदार तोच कागद दाखवून म्हणतो, हा माझा नोकर नव्हेच. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, सगळं या एका अर्थावर लटकलेलं.

कोर्टांनी हा प्रश्न गॅसच्या कितीतरी आधी हाताळला आहे. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्रातल्या मिठागरांवर मीठ पिकवणाऱ्या आगरियांना कामगार मानलं. ते उक्त्यावर काम करत, मदतीला स्वतःची माणसं घेत. तरीही काम कसं व्हावं यावर मालकाचा ताबा होता. १९७३ मध्ये दुकानासाठी कपडे शिवणाऱ्या शिंप्यांच्या प्रकरणात शिलाई मशीन कोणाचं आणि केलेलं काम नाकारण्याचा हक्क कोणाला, हेही पाहिलं गेलं.

ही फूटपट्टी फिटरला लावून बघा. आटे पाडायची डाय, पाना, ड्रिल त्याचं. पाइप, मीटर, रेग्युलेटर वरून आलेलं. कुठल्या इमारतीत जायचं ते सकाळी सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. सांधा पसंत पडला नाही तर उलगडून पुन्हा बसवायचा, आणि त्या दुसऱ्या खेपेची मजुरी नाही. शीर्षकात काहीही छापलेलं असो, माझ्या मते ही ‘स्वतंत्र’ कंत्राटदारी फारच पातळ आहे. ठेकेदार विचारतात, फिटर एकाच आठवड्यात तिघांकडे काम करतो, मग नोकर नेमका कोणाचा? प्रश्न अगदीच गैरलागू नाही.

बाकीचं अलीकडचं. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात २० कामगारांपासून लागू व्हायचा. महाराष्ट्राने २०१७ च्या सुरुवातीला ती मर्यादा ५० वर नेली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय कामगार संहितेतही आकडा ५० च आहे. दहा-बारा फिटर बाळगणारा पोटठेकेदार त्यातून सहज सुटतो. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात तर गंमतच आहे. फिटरने नोंदणी केलेली असेल, तर लेखी करार नसताना त्याचे पैसे १५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार असला की मुदत ४५ दिवसांपर्यंत ताणता येते. कागद करून फिटरने महिनाभर गमावला, असंही होऊ शकतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात १०० रुपयांच्या स्टॅम्पची जागा ५०० ने घेतली. त्यानंतरचा एक करार मला पाहायला मिळाला. स्टॅम्प पेपर ठेकेदाराच्या नावाचा, मूळ प्रत त्याच्याच कपाटात. फिटरने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवली ती झेरॉक्स. पान एक होतं, पान तीन होतं. दरपत्रक दुसऱ्या पानावर होतं म्हणे.