एलसीएफ की एलसीबी? ट्रिमचं अंतर कुठून मोजायचं

ट्रिम म्हणजे जहाजाचं पुढचं आणि मागचं टोक पाण्यात किती कमी-जास्त बुडालंय तो फरक. त्याची गणितं तपासताना एकच चूक सतत समोर येते. सूत्र पाठ असतं, आकडेमोड बिनचूक असते, फक्त अंतर भलत्याच बिंदूपासून मोजलेलं असतं: एलसीएफ हवा तिथे एलसीबी, नाहीतर नेमकं उलटं.

एलसीबी (लाँगिट्युडिनल सेंटर ऑफ बॉयन्सी) तुमच्या ओळखीचा आहे. जहाजाच्या पाण्याखालच्या आकारमानाचा मध्य, जिथून एकूण उत्प्लावक बल वर लागतं. एलसीएफ (लाँगिट्युडिनल सेंटर ऑफ फ्लोटेशन) हा वॉटरप्लेनच्या क्षेत्रफळाचा मध्य, म्हणजे जहाज पाण्याच्या पातळीवर आडवं कापलं तर जो पृष्ठभाग दिसेल त्याचा. व्याख्येत कोणी चुकत नाही.

चुकण्याचं मूळ पहिल्या उदाहरणात आहे. ट्रिम शिकवायला सुरुवात होते खोक्याच्या आकाराच्या बार्जपासून, आणि त्यात हे दोन्ही बिंदू बरोबर लांबीच्या मध्यावर असतात. कुठूनही मोजा, उत्तर जुळतं. खरं जहाज समोर आलं की दोन्ही बिंदू वेगळे होतात, ड्राफ्टबरोबर (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय त्याबरोबर) सरकतातही. ट्रिमसाठी बार्जचं उदाहरण घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

आता मुद्द्याचं. थोडं वजन चढवलं की जहाज किंचित बसतं, म्हणजे वॉटरप्लेनच्या आकाराचा एक पातळ थर नव्याने पाण्याखाली जातो. वाढलेलं उत्प्लावक बल त्या थराचं, आणि थराचा मध्य एलसीएफवर. म्हणून ठीक एलसीएफवर ठेवलेलं वजन जहाजाला सरळ खाली बसवतं, ट्रिम बदलत नाही. वजन तिथून दूर असेल तेवढाच मोमेंट (वजन गुणिले अंतर) तयार होतो. जुनं उत्प्लावक बल जुन्या वजनाला आधीपासून तोलून धरतंय. या हिशेबात एलसीबीला कामच नाही.

समजा लांबी १२० मीटर, एपीपासून (आफ्टर पर्पेंडिक्युलर, जहाजाच्या मागच्या टोकाकडची संदर्भरेषा) एलसीएफ ५७ मीटर, एलसीबी ६१ मीटर, टीपीसी (जहाज एक सेंमी बसवायला लागणारे टन) २०, एमसीटीसी (ट्रिम एक सेंमी बदलायला लागणारा मोमेंट, टन-मीटरमध्ये) १५०. एपीपासून ८७ मीटरवर ९० टन चढवले. बसणं ९० ÷ २० = ४.५ सेंमी. मोमेंट ९० × ३० = २७०० टन-मीटर, ट्रिममधला बदल १८ सेंमी, बाय द हेड, म्हणजे पुढच्या बाजूला. एलसीबीपासून मोजणाऱ्याला १५.६ मिळतात, आणि उत्तर शक्यतेतलं दिसत असल्यामुळे त्याला शंकाही येत नाही.

दुसरी पद्धत संपूर्ण जहाजाची. सगळी वजनं मांडून एलसीजी (एकूण वजनाचा लांबीतला गुरुत्वमध्य) काढला, त्या डिस्प्लेसमेंटला (जहाजाच्या एकूण वजनाला) हायड्रोस्टॅटिक टेबलमधून, म्हणजे जहाजाच्या या आकड्यांच्या छापील तक्त्यातून, एलसीबी घेतला. इथे पूर्ण वजन एलसीजीतून खाली आणि पूर्ण उत्प्लावक बल एलसीबीतून वर, त्यामुळे लिव्हर, म्हणजे मोमेंटचं अंतर, या दोघांमधला. वरचंच जहाज, डिस्प्लेसमेंट ८००० टन, एलसीजी ६०.४ मीटरवर: लिव्हर ०.६, मोमेंट ४८००, ट्रिम ३२ सेंमी बाय द स्टर्न, म्हणजे मागच्या बाजूला. इथे चुकून एलसीएफ घेतला तर लिव्हर ३.४ मीटर आणि ट्रिम १८१ सेंमी, तोही बाय द हेड! दिशाच उलटली. पहिल्या पद्धतीतली चूक काही सेंटिमीटरची होती, ही लोडिंगचा अख्खा निर्णय फिरवते.

ट्रिम कुठल्याही पद्धतीने काढा, पुढे-मागे वाटणी मात्र नेहमी एलसीएफवरूनच, कारण जहाज त्याच बिंदूभोवती कलतं. पहिल्या उदाहरणात मागचा वाटा १८ × ५७ ÷ १२० = ८.५५ सेंमी, पुढचा ९.४५. म्हणजे पुढचा ड्राफ्ट १३.९५ सेंमीने वाढला आणि मागचा ४.०५ने कमी झाला. निम्मा-निम्मा वाटून मोकळं होणं मला अजिबात खपत नाही. टेबलमध्ये एलसीएफ छापलेला असतो, तो वापरा.

जहाजावरचं वजन नुसतं एका जागेवरून दुसरीकडे हलवलं तर मोमेंटसाठी दोन्ही बिंदू विसरा. वजन गुणिले सरकवलेलं अंतर, बस्स.

अंतरं मोजताना एक बिंदू एपीपासून आणि दुसरा मिडशिपपासून (जहाजाच्या लांबीच्या मध्यापासून) घेऊ नका. सगळी एपीपासून घेतली की अधिक-उणे चिन्हांचे घोळ बरेच कमी होतात.

वजन मोठं असेल, ड्राफ्ट बराच बदलणार असेल, तर पहिली पद्धत सोडा. थर आता पातळ राहत नाही. एलसीएफ, टीपीसी, एमसीटीसी तिन्ही बदलतात. अशा वेळी नवा डिस्प्लेसमेंट आणि नवा एलसीजी काढा, टेबलमधून नवा एलसीबी घ्या आणि दुसऱ्या पद्धतीने जा.