पाणी आलं म्हणजे गॅस संपला?

जत-आटपाडीकडं बोअरमधून नुसती हवा आली की बोअर आटला, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच्या उलट हिशेबानं लोक म्हणतात, गॅसच्या विहिरीत पाणी आलं की गॅस संपला. बहुतेक वेळा हे चूक असतं.

विहीर जुनी झाली की खालचा दाब उतरतो, नळीतला गॅस संथ होतो. थेंब वर नेण्याइतका वेग उरला नाही की पाणी तळाशी साचतं. १० मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. ३०० मीटर साचलं तर ३० किलो. गॅस असतो, पण कोंडलेला. ट्यूबिंगचा, म्हणजे गॅस वर आणणाऱ्या आतल्या नळीचा, दाब घसरतोय आणि केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या पाइपाचा, चढतोय, ही त्याची खूण.

मग पाणी काढायचं. निम्म्या व्यासाची नळी घातली की वेग चौपट होतो, घर्षणही वाढतं. साबणाच्या कांड्यांनी फेस होऊन पाणी हलकं होतं, पण सोबत हलकं तेल जास्त असेल तर फेस धरत नाही.

सगळ्यात देखणा उपाय प्लंजरचा. व्हॉल्व्ह बंद करायचा, लोखंडी दट्ट्या तळाशी जाऊ द्यायचा, दाब चढला की व्हॉल्व्ह उघडायचा. दट्ट्या मिनिटाला २३० ते ३०० मीटर वेगानं पाणी ढकलत वर यावा. हळू आला तर बाजूनं गॅस निसटतो, पाणी परत खाली. पाण्याविना सुसाट आला तर वरचा स्प्रिंग फोडतो.

पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या कोळसाथरांत तर आधी पाणी उपसावं लागतं, तेव्हाच गॅस सुटतो.